सगळ्या छत्र्यांची मिळून वीज किती?

भिलईच्या सेक्टर १०मध्ये एखाद्या क्वार्टरवर दूरदर्शनच्या फुकट डीटीएचची, म्हणजे डीडी फ्री डिशची, छत्री बसवली, तर तिच्या पदरात नेमकं पडतं किती? उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचावर. त्याच्या एका ट्रान्सपॉन्डरकडून दोन फुटी छत्रीला मिळते ती, ढोबळ हिशेबाने, एका वॅटच्या लाख कोटीव्या भागाएवढी शक्ती. देशात २०२४च्या अंदाजाने फ्री डिशची घरं ४ कोटी ९० लाख. सगळ्या छत्र्यांची कमाई एकत्र केली तरी वॅटचा वीस हजारावा भाग होतो. सेट-टॉप बॉक्सवरचा लाल दिवासुद्धा त्यावर धड लागायचा नाही.

एवढ्याशा शिध्यावर भिलईत दूरदर्शनची मराठी सह्याद्री वाहिनी दिसते! दूरदर्शनचं मुंबई केंद्र १९७२चं, पण मनोऱ्याचा पल्ला शंभरेक किलोमीटर आणि मध्ये अख्खा विदर्भ. ते मनोरेही २०२२पर्यंत, मोजके वगळता, बंद झाले.

भिलई ज्यात येतं त्या दुर्ग जिल्ह्याला आभाळातला टीव्ही मात्र जुना. १ ऑगस्ट १९७५पासून वर्षभर 'साइट' प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांना रोज चार तास कार्यक्रम मिळाले. त्यांत दुर्ग, रायपूर, बिलासपूरकडची गावं होती. छत्री दहा फुटी, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची.

उपग्रहाला बघणारे किती, हे ठाऊकच नसतं. घर एक असो की पाच कोटी, त्याचा खर्च तोच. पैसे भरायच्या डीटीएचच्या लहरीही तुमच्या छतावर पडतच असतात. आपण भरतो ते कुलूप उघडायचे. इंटरनेटवर मात्र घरागणिक वेगळा प्रवाह. एका वाहिनीला सेकंदाला २ मेगाबिट धरा: आभाळातून सगळ्या फ्री डिश घरांना मिळून तेवढेच पुरतात, इंटरनेटवरून ९ कोटी ८० लाख मेगाबिट लागतील.

पैसे भरून टीव्ही पाहणारी घरं २०१८मध्ये १५.१ कोटी होती, २०२४मध्ये ११.१ कोटी उरली. सगळा दोष ओटीटीला देतात. मला फ्री डिशचाही हात दिसतो. पण हे फुकट चालतं खासगी वाहिन्यांच्या बोलीवर, जागेसाठी त्या कोट्यवधी मोजतात. २०१९मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल वगैरे फ्री डिशवरून उठल्या. त्यांच्या गैरहजेरीत 'दंगल' देशातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांत जाऊन बसली, आणि २०२०मध्ये ही मंडळी परतली.