टेस्टर पेटला नाही म्हणून हात लावू नका

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या गावात स्विच जळला किंवा होल्डर तुटला की दर वेळी कुणी वायरमनची वाट पाहत बसत नाही. घरातलाच एखादा टेस्टर घेऊन स्टुलावर चढतो. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच अशा वस्तू जशाच्या तशा बदलायला नियमांनीही मुभा दिली आहे. नवी लाइन ओढणं, पॉइंट वाढवणं किंवा मेन स्विचमध्ये फेरफार करणं ही कामं मात्र परवानाधारकाचीच. मुभा असलेल्या कामातही जीव जाऊ शकतो आणि त्यामागे बरेचदा उपकरणांविषयीचे गैरसमज असतात.

गैरसमज : टेस्टर पेटला नाही, म्हणजे करंट नाही.
वस्तुस्थिती : टेस्टरमधला निऑन दिवा आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी थोड्या प्रवाहावर पेटतो. कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभं राहिलं तर तो जेमतेम मिणमिणतो. मे महिन्याच्या उन्हात अंगणात तर पेटलेलाही दिसत नाही. म्हणून खोलीचा एमसीबी पाडल्यावर टेस्टर आधी दुसऱ्या खोलीतल्या चालू सॉकेटवर लावून पाहा, मग कामाच्या जागी, आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर. तिन्ही वेळा त्याने बरोबर उत्तर दिलं तरच तारेला हात लावा. ‘लाईट गेली आहे’ हा पुरावा नव्हे. ती कधीही येते, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर काही तारा तेव्हाही जिवंत असतात.

गैरसमज : सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, म्हणजे दोन फेज आले.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा न्यूट्रल तुटलेला असतो. बल्बचा स्विच चालू असतो, पण बल्ब लागत नाही. फेज त्याच बल्बमधून पलीकडे उतरतो आणि न्यूट्रलच्या भोकातही टेस्टर पेटवतो. टेस्टरला हा फरक कळत नाही, मल्टिमीटरला कळतो. न्यूट्रल तुटला असेल तर दोन भोकांमध्ये २३० ऐवजी शून्याच्या आसपास आकडा येतो. तो २३० च्या फार वर गेला तर डीपीकडचा न्यूट्रल सुटल्याची शक्यता असते. अशा वेळी मेन बंद करा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

गैरसमज : मल्टिमीटर कोणताही चालतो.
वस्तुस्थिती : मीटरवर ‘कॅट’ हा सुरक्षेचा दर्जा छापलेला असतो. कॅट-२ सॉकेटला जोडायच्या उपकरणांसाठी, कॅट-३ घरातल्या बोर्ड आणि पक्क्या वायरिंगसाठी. घरकामाला ६०० व्होल्टचा कॅट-३ घ्यावा. लाल वायर अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजायला घातली, तर तो थेट शॉर्टसर्किट होतो. हलक्या मीटरमध्ये धड फ्यूजही नसतो, तो हातातच फुटू शकतो.

गैरसमज : क्लॅम्प मीटर केबलभोवती अडकवला की अँपिअर कळतात.
वस्तुस्थिती : फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात आले तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतो आणि आकडा शून्य येतो. एकच तार पकडायची. मात्र दोन्ही तारा पकडूनही आकडा येत असेल, तर तेवढा करंट कुठेतरी गळतो आहे.

गैरसमज : फेज-अर्थमध्ये २३० दाखवलं, टेस्ट बटणाने आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) पडला, म्हणजे अर्थिंग ठणठणीत.
वस्तुस्थिती : मल्टिमीटर इतका कमी प्रवाह ओढतो की अर्थिंगची तार एका केसावर टिकली असली तरी तो २३० दाखवतो. बटण तर अर्थिंग अजिबात नसलं तरी चालतं. ते फक्त आरसीसीबीची आतली यंत्रणा तपासतं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालणं हा उपाय ठीक आहे, पण खरं मोजमाप अर्थ टेस्टरच करतो.

गैरसमज : मल्टिमीटरच्या ओहमने वायरिंगचं इन्शुलेशन कळतं.
वस्तुस्थिती : मल्टिमीटर त्यासाठी बॅटरीचे दोन-चार व्होल्ट लावतो. ओल धरलेली तार तेवढ्यात दोष दाखवेलच असं नाही, २३० वर मात्र गळते. इन्शुलेशन मोजायचा मीटर, म्हणजे मेगर, ५०० व्होल्ट डीसी लावतो. निरोगी वायरिंग निदान १ मेगाओहम दाखवायला हवी. पण आधी मेन बंद करून टीव्ही, एलईडी दिवे काढावे लागतात, म्हणून हे काम वायरमनचं.

घरात किरकोळ कामासाठी चांगला टेस्टर आणि कॅट-३ मल्टिमीटर पुरे. क्लॅम्प मीटर शेतपंप असेल तर घ्या. मेगर आणि अर्थ टेस्टर विकत घेऊ नका; दरवर्षी पावसाळ्याआधी परवानाधारक वायरमनला बोलावून तपासणी करून घ्या.