चुकीच्या चिठ्ठीने उघडलेले दार

माजावर आलेल्या गाईसाठी चांगल्या वळूचा शोध घेत गावोगाव फिरण्याची वेळ आज शेतकऱ्यावर क्वचितच येते. पशुवैद्यकाच्या पात्रातील एक रेतमात्रा ते काम करते. उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षे टिकणारी ही रेतमात्रा ज्यांच्या संशोधनातून शक्य झाली, ते ब्रिटिश शास्त्रज्ञ म्हणजे ख्रिस्तोफर पोल्ज (१९२६–२००६).

रेडिंग विद्यापीठातून कृषी पदवी घेतलेले पोल्ज लंडनजवळच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलन पार्क्स यांच्या हाताखाली दाखल झाले. कृत्रिम रेतन तेव्हा प्रचारात आलेले होते. परंतु ताजे वीर्य थंड ठेवले तरी जेमतेम काही दिवसच उपयोगी पडे. ते गोठवावे, तर शुक्रजंतू मरत. पेशीतील व पेशीभोवतीचे पाणी गोठू लागले की बर्फाचे स्फटिक तयार होतात आणि उरलेल्या द्रवातील क्षारांची तीव्रता वाढत जाते. या दुहेरी माऱ्यात पेशीचे आवरण टिकत नाही.

पोल्ज आणि त्यांच्या सहकारी ऑड्री स्मिथ यांनी कोंबड्याचे वीर्य फळसाखरेच्या द्रावणात गोठवून पाहिले. यश आले नाही. काही महिन्यांनी शीतगृहात ठेवलेली तीच बाटली काढून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा गोठवलेले शुक्रजंतू वितळल्यावर चक्क हालचाल करू लागले. मात्र फळसाखरेचे नवे द्रावण करून पाहताच पुन्हा अपयश! बाटलीच्या तळाशी उरलेल्या थोड्याशा द्रवाचे रासायनिक पृथक्करण करून घेतले असता त्यात साखर नव्हतीच. होते ग्लिसरीन, अल्ब्युमिन आणि पाणी. बाटल्यांवरील चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. अनपेक्षित निकालाला नशीब म्हणून सोडून न देता त्याचे कारण खणून काढले, यातच या संशोधकांचे मोठेपण आहे. १९४९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. ग्लिसरीन पेशीत शिरून बर्फाचे प्रमाण आणि क्षारांची तीव्रता कमी राखते, हा उलगडा पुढे त्याच संस्थेतील जेम्स लव्हलॉक यांनी केला.

शुक्रजंतू हलले म्हणजे गर्भधारणा होईलच असे नव्हे. कोंबडीत ग्लिसरीनच फलनाला अडथळा ठरे. ते हळूहळू काढून टाकल्यावरच पिल्ले निपजली. वळूच्या वीर्याबाबत मात्र मार्ग सुकर ठरला. १९५१ मध्ये गोठित वीर्यापासून पहिले वासरू जन्मले आणि १९५२ मध्ये पोल्ज व टिम रोसन यांनी उणे ७९ अंशांवर साठवलेल्या वीर्याची फलनक्षमता सिद्ध केली. डुकराच्या शुक्रजंतूंनी मात्र पोल्ज यांची दीर्घकाळ परीक्षा पाहिली. ते थंडीला फारच नाजूक असतात. याच विषयावर केंब्रिजमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करणारे इयान विल्मट यांनी १९७३ मध्ये गोठवलेल्या भ्रूणापासून पहिले वासरू जन्माला घातले आणि १९९६ मध्ये 'डॉली' मेंढीचा जन्म घडवून जगाला थक्क केले. पोल्ज यांना १९८८ चे वुल्फ पारितोषिक व १९९२ चे जपान पारितोषिक लाभले.

या शोधाचे ऋण महाराष्ट्रावरही आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ'ने गोठित रेतमात्रा शेतकऱ्याच्या दारी नेली आणि संकरित गाईच्या दुधाने अनेक कोरडवाहू कुटुंबांच्या हाती पैसा खेळू लागला.

तथापि या साधनाला दुसरी धारही आहे. एकाच वळूची संतती हजारोंच्या संख्येने पसरली, तर जनावरांतील आनुवंशिक विविधता आटते. आणि सरसकट संकर केल्यास उन्हाळा व अपुरा चारा सोसणाऱ्या खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी यांसारख्या जाती मागे पडतात. सुदैवाने उपायही त्याच शीतपात्रात आहे. या जातींच्या निवडक वळूंचे वीर्य जतन करता येते आणि वळू मेल्यानंतरही त्याचा वंश पुढे नेता येतो. कोणते वीर्य साठवायचे आणि कोणत्या गोठ्यात ते वापरायचे, हे ठरविण्याची जबाबदारी मात्र माणसाचीच आहे. पात्रात जे ठेवले जाईल, तेच उद्याच्या गोठ्यात उभे राहील.