जुनी गाडी घेताना : थेंब खाली, उगम वर

चेन-स्प्रॉकेटचा हप्ता एक आठवडा पुढे ढकलतो आहे. मनीषनगरहून एका वाचकांचा प्रश्न आला आणि चेनकडे वळण्याआधी ऑइल गळतीचं निस्तरून घ्यावं असं वाटलं. त्यांनी जवळच्याच एका अपार्टमेंटमधली स्प्लेंडर पाहून ठेवली आहे. मालकाचा मुलगा नोकरीला पुण्यात, गाडी कित्येक महिने पार्किंगमध्ये उभी. रनिंग कमी, कागद चोख. फक्त डाव्या अंगाला, गिअरच्या दांडीमागे इंजिन ओलसर. मालक म्हणतो, "काही नाही जी, थोडंसं पाझरते. पॅकिंग बदललं की झालं." घ्यावी की सोडावी?

आधी गाडी नव्हे, जमीन पाहा. मनीषनगर-बेसा भागातल्या बहुतेक स्कीममध्ये खाली फरशीचं पार्किंग असतं आणि जो तो आपल्या ठरलेल्या जागी गाडी लावतो. गाडी सरकवायला सांगा आणि त्या जागेवर वाका. फरशीवर पसरलेला जुना काळा डाग असेल तर तेल नुसतं पाझरत नाही, ठिबकतं. फरशी कोरडी आणि इंजिनवर मात्र तेलकट धुळीचा थर असेल, तर गळती मंद आहे. असा थर मला चालतो. गाडी दाखवायच्या दिवशीच डिझेलने धुऊन चकाचक केलेलं इंजिन असेल, तर ते वाळेपर्यंत आणि नीट तापेपर्यंत मत देऊ नका.

आता त्या ओल्या जागेचं. स्प्लेंडरच्या डाव्या अंगाला तेल यायला निदान पाच वाटा आहेत : मॅग्नेट कव्हरचं पॅकिंग, कॉइलच्या वायरी बाहेर येतात तिथलं रबर, न्यूट्रल स्विचची रिंग, गिअर शाफ्टचं सील आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील. पाचही वाटांचं तेल उतरून एकाच ठिकाणी लोंबतं. शिवाय स्प्लेंडरची चेन कव्हरमध्ये बंद असते, तिला घातलेलं तेलही तिथूनच झिरपतं. ते बोटावर घ्या : काळं, चिकट, रेतीसारखं कचकचतं. तसं असेल तर इंजिनचा काही दोष नाही.

चालत्या गाडीवर वारा तेलाला मागे नेतो आणि भार खाली ओढतो. म्हणून ओल्या भागातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा बिंदू शोधायचा. ती जागा रॉकेलच्या फडक्याने पुसा, पूर्ण कोरडी करा आणि वर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. मग गाडी वर्धा रोडने जामठ्याच्या स्टेडियमपर्यंत नेऊन आणा. थंड तेल घट्ट असतं, पार्किंगमध्ये दोन मिनिटं इंजिन चालवून काही कळत नाही. परत आल्यावर पांढऱ्या पावडरीत काळी रेघ उमटलेली असते. तिच्या वरच्या टोकाशी उगम. यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं साधन मला तरी ठाऊक नाही.

टॅपेट कव्हरची रिंग, गिअर शाफ्टचं सील, ड्रेन बोल्टचा वॉशर ही बाहेरून होणारी कामं आहेत, त्यासाठी गाडी सोडू नका, भाव पाडा. ड्रेन बोल्टभोवती एमसील थापलेलं दिसलं तर मात्र आटे गेले आहेत, लेथवाल्याकडे जावं लागेल. बोअरच्या बुडाचं पॅकिंग गळत असेल तर हेड आणि बोअर दोन्ही उतरवणं आलं. आणि पुढच्या स्प्रॉकेटजवळ केसवर वेल्डिंग किंवा एमसीलची रेघ असेल तर तिथे कधीतरी चेन तुटून केस फुटलेली असण्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी मी घेणार नाही आणि कोणाला घेऊही देणार नाही.

ज्या गोष्टीकडे मिस्त्रीसुद्धा क्वचित पाहतात, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही : ब्रीदरची नळी. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबतो. रिंगांच्या फटीतून थोडा गॅसही खाली येतो. हा दाब बाहेर पडावा म्हणून एक बारीक रबरी नळी असते, बऱ्याच गाड्यांत ती एअर फिल्टरच्या डब्यात जाते. ती चेमटली, चिखलाने भरली किंवा उघड्या टोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलं, की दाब सीलांवर येतो. मग धडधाकट सीलही पाझरायला लागतं. लोक सील बदलतात, महिन्याभरात तेच पुन्हा. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत ही नळी काढून, तोंडाने फुंकून पाहाच. तेल प्रमाणाबाहेर भरलं असेल तरीही असाच त्रास होतो. स्प्लेंडरची डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. फिरवून आत घातली की पातळी खऱ्यापेक्षा जास्त दिसते.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांना हे वेगळ्या तऱ्हेने भोगावं लागतं. तिच्यात तेलाची टाकी इंजिनच्या केसमध्येच. गाडी फार दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू क्रँकखाली उतरतं, डिपस्टिक कोरडी दिसते. मालक वरून तेल ओततो, आणि किक मारली की जास्तीचं सगळं ब्रीदरमधून बाहेर. तिथे काही मिनिटं इंजिन चालवून मगच पातळी पाहावी.

स्प्लेंडरकडे परत. तिच्यात जेमतेम लिटरभर तेल, आणि तेच इंजिन, क्लच, गिअर तिघांना पुरवायचं. म्हणून मंद गळतीही दुर्लक्षून चालत नाही. वाचकांनी पावडर लावून पाहावं. रेघ मॅग्नेट कव्हरच्या कडेने आली तर बिनधास्त घ्या. स्प्रॉकेटमागून आली तर चेन उतरवून स्प्रॉकेट हातात धरा आणि वर-खाली हलवा. हलत नसेल तर नुसतं सील वाळलंय. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, उभ्या गाडीचं रबर कडक होतंच. शाफ्टसकट खडखड हललं तर आतलं बेअरिंग गेलंय, नवं सीलही टिकणार नाही आणि बेअरिंगसाठी इंजिन पूर्ण उघडावं लागेल. तेवढा खर्च किमतीतून वजा होत नसेल तर दुसरी स्प्लेंडर शोधा, नागपुरात त्यांना तोटा नाही.

हे बेअरिंग बहुतेक वेळा अती ताणलेल्या चेनमुळे जातं. चेन किती ढिली हवी, ते पुढच्या आठवड्यात.