चित्र शिकायचे, पण कोणाचे पाहून?

भीमजयंतीच्या आदल्या रात्री आम्ही टेंभुर्णीच्या वस्तीत बसलो होतो. आठवीतली एक मुलगी कॅलेंडरवर पेन्सिलीने चौकटी आखून बाबासाहेबांचे चित्र मोठ्या कागदावर उतरवीत होती. चित्र हुबेहूब होते. आम्ही म्हटले, "बाळा, आता समोर बसलेल्या आजीचे काढ." ती गोंधळली. "आजीवर चौकटी कशा आखू, काका?" तेवढ्यात तिचे वडील म्हणाले, "भाऊ, चित्रं काढून पोट भरतं का?"

दोन्ही प्रश्नांची नीट उत्तरे तेव्हा आम्हाला देता आली नाहीत. म्हणून हा लेख.

आधी मुलीचा प्रश्न. नक्कल करणे वाईट नाही. पण चौकटीने हात चालतो, नजर तयार होत नाही. नजर तयार होते ती मोठ्यांची कामे निरखून. आणि जगातली एक मोठी चित्रशाळा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे, ती म्हणजे अजिंठा! भोकरदन, सिल्लोड करीत सकाळी निघाले की संध्याकाळी घरी परतता येते. सोमवारी लेणी बंद असतात. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट लागत नाही.

पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर थांबा. कमळ धरलेली बोटे, झुकलेल्या पापण्या, भुवईची रेषा मुलांना वहीत काढू द्या. सतराव्या लेण्यात बुद्धांसमोर यशोधरा आणि राहुल उभे आहेत. बुद्ध केवढे मोठे, मायलेक केवढे लहान! एवढ्यातच चित्रकाराने सारे सांगितले.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन येथे चित्रांच्या प्रतिकृती करीत होते. १९०९-१० च्या हिवाळ्यात बंगालचे नंदलाल बोस याच कामासाठी आले. पुढे त्यांनीच शांतिनिकेतनच्या शिष्यांसह संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत चित्रांनी सजवली. त्यात बुद्धांचेही चित्र आहे. अजिंठ्यात शिकलेला हात संविधानाच्या पानांपर्यंत पोहोचला.

आजी कशी काढायची, हे मात्र कष्टकऱ्यांची चित्रे काढणाऱ्यांकडून शिकावे. हॉलंडच्या व्हॅन गॉगने १८८५ मध्ये दिव्याच्या उजेडात बटाटे खाणारे शेतकरी कुटुंब रंगवले. त्याआधी त्याने शेतकऱ्यांचे चेहरे आणि हात कितीतरी वेळा गिरवले होते. जर्मनीच्या केथे कोलवित्झ या बाईंनी विणकरांचा उठाव, भूक आणि लेकरू गमावलेली आई काढली, तीही बहुतेक काळ्या-पांढऱ्यात. आपल्याकडे नागपूरचे सवी सावरकर यांनी अस्पृश्यतेचे दुःख कॅनव्हासवर मांडले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांचे 'भीमायन' हे २०११ चे पुस्तक तर मुलांच्या हाती द्यावेच. बाबासाहेबांचे जीवन त्यांनी आपल्या गोंड शैलीत काढले आहे.

शिकवणाऱ्या पुस्तकांत मिलिंद मुळीक यांची जलरंगावरची पुस्तके उत्तम. माणसाच्या शरीराची ठेवण समजायला अँड्र्यू लूमिस पाहावा. इंग्रजी न आले तरी त्यातली चित्रे समजतात. एकट्याने घेणे परवडत नसेल तर चार घरांनी वर्गणी काढून एक पुस्तक विहाराच्या कपाटात ठेवावे.

आता वडिलांचा प्रश्न. चित्रकलेने पोट भरेलच, असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. पण वाट आहे. शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षा देता येतात. पुढे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे कला महाविद्यालये आहेत. कलाशिक्षक, छपाई, कापडावरची नक्षी, जाहिरात अशी कामे त्यातून मिळू शकतात. आम्ही कारकून माणूस, म्हणून खर्चाचाही हिशेब मांडला: सुरुवातीला एक पेन्सिल, एक खोडरबर आणि रद्दीतले पाठकोरे कागद. गणिताचा अभ्यास सोडून नव्हे, तो करून रोज अर्धा तास. स्वतः बाबासाहेबांनीही कुंचला हाती धरला होता. एवढ्या कामाच्या माणसाला तो रिकामटेकडा उद्योग वाटला नाही.

महिन्याभराने आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. मुलीने आजी काढली होती, चौकटींशिवाय. कान जरा मोठे झाले होते. आजी कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "बोटं मात्र माझीच हायेत, खुरप्यानं वाकलेली."

वडील काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी हळूच विचारले, "भाऊ, ती परीक्षा कधी असते?"