सुटकेनंतरचे पहिले पंधरा दिवस

घरचं माणूस अलिबागच्या किंवा तळोज्याच्या कारागृहातून सुटून आलं की घराला हायसं वाटतं. पण त्याला आधी गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं व्यसन असेल, तर हेच दिवस सर्वांत धोक्याचे. कसे, ते आज समजून घेऊ.

रोज गर्द घेणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय होते, म्हणून मात्रा वाढत जाते. तुरुंगात नशा थांबली की ही सवय मोडते. मनातली ओढ मात्र राहते. बाहेर आल्यावर तो जुन्याच मापाने घेतो आणि शरीराला ते झेपत नाही. श्वास मंदावतो, थांबतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर धोका आणखी वाढतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या ३० हजारांवर कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा त्यांचा धोका इतर लोकांच्या १२९ पट होता.

खुणा ध्यानात ठेवा: हाका मारून, हलवून जाग येत नाही, श्वास अगदी सावकाश, घशात घरघर, ओठ-नखं निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "दमलाय, झोपू दे" असं म्हणू नका.

लगेच १०८ ला फोन करा. काय घेतलं ते लपवू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबला असेल तर मान मागे करून, नाक चिमटीत धरून, दर पाच सेकंदांनी तोंडाने श्वास द्या. ताक, लिंबूपाणी पाजू नका. ते श्वासनलिकेत जाईल. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन गर्दचा परिणाम तात्पुरता उलटवतं. पण त्याचा असर गर्दच्या आधी उतरू शकतो, म्हणून शुद्ध आली तरी दवाखान्यातून लगेच घरी आणू नका.

उपचारही आहेत. ओढ आवरणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळते. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं. सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन मोफत आहे. सुटकेची तारीख कळली की आधीच फोन करून ठेवावा.

आपल्या बचत गटात हप्त्याचं बोलतो, तसं हेही बोलू या. लोक काय म्हणतील म्हणून दार लावून घेतलं, तर तो एकटाच, आडोशाला नशा करतो. तिथे १०८ ला फोन करायला कुणी नसतं.