कोटा शैलसमूह : सिरोंचा परिसरातील ज्युरासिक जीवसृष्टी

गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात प्राणहिता नदीकाठी वसलेल्या कोटा गावावरून ‘कोटा शैलसमूह’ हे नाव रूढ झाले. ज्युरासिक कालखंडातील या वालुकाश्म व चुनखडीच्या थरांतील, जाड चकचकीत खवल्यांच्या लेपिडोटस माशाचे वर्णन १८५१ मध्ये प्रसिद्ध झाले. मासे आढळले म्हणजे तेथे समुद्र होता, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तथापि थरांची रचना व सोबतचे जीवावशेष पाहता बहुतेक अभ्यासक हे निक्षेप नदी व सरोवरातील मानतात. याच शैलसमूहातून तेलंगणातील पोचमपल्ली येथे मिळालेल्या बारापासॉरस या महाकाय शाकाहारी डायनासोरचे नामकरण १९७५ मध्ये झाले.

जीवाश्म कोणत्या थरात होता, हीच त्याची साक्ष होय. तो नोंदीविना उचलल्यास ती साक्ष कायमची नष्ट होते. म्हणून अभ्याससहलीत विद्यार्थ्यांनी जीवाश्मांचे संकलन न करता जागच्या जागी नोंद व छायाचित्रण करावे, हे पाहणे प्राध्यापकांचे कर्तव्य ठरते.