जड पाण्याची मोहीम

साहसकथांतून एक वेडा शास्त्रज्ञ नेहमी भेटतो. गुप्त प्रयोगशाळेत बसून तो सारे जग पादाक्रांत करण्याचे यंत्र तयार करीत असतो, आणि अखेरच्या क्षणी एखादा हेर त्याचा डाव उधळून लावतो. दुसऱ्या महायुद्धात याच्याशी मिळताजुळता प्रसंग खरोखर घडला. मात्र जग जिंकण्याची हाव हिटलरला होती. त्याच्या राज्यात अणुसंशोधन करणारे शास्त्रज्ञ वेडे नव्हते, नाणावलेले विद्वान होते. भीती वाटत होती ती त्यामुळेच.

युरेनियमचा अणू फुटला की त्यातून न्यूट्रॉन नावाचे सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि ते दुसरे अणू फोडतात. परंतु या कणांचा वेग मंदावला नाही, तर निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये ही साखळी चालू राहत नाही. वेग मंदावण्यासाठी जर्मन शास्त्रज्ञांनी ‘जड पाणी’ निवडले. ते दिसते साध्या पाण्यासारखेच. पण त्यातील हायड्रोजनचा अणू दुप्पट वजनाचा असल्यामुळे ते सुमारे एक दशांशाने जड भरते. साध्या पाण्यात असा अणू सहा हजारांत जेमतेम एक! पाण्यातून वीज खेळवीत राहिले म्हणजे साध्या पाण्याचे विघटन आधी होते आणि जड पाणी मागे उरते. त्यासाठी वीज मात्र अपार लागते. नॉर्वे देशातील व्हेमॉर्क येथे ती धबधब्यापासून मिळे. तेथील कारखाना १९४० साली जर्मनांच्या हाती पडला.

ब्रिटनने त्याच वर्षी शत्रूच्या मुलखात घातपात घडवून आणण्यासाठी एक गुप्त संघटना स्थापन केली होती. तिने शिकवून तयार केलेले चार नॉर्वेजियन तरुण ऑक्टोबर १९४२ मध्ये हवाई छत्र्यांनी तेथील ओसाड पठारावर उतरले. नोव्हेंबरात त्यांच्या मदतीला निघालेली ब्रिटिश तुकडी विमान-अपघातांत सापडली. जे वाचले त्यांना जर्मनांनी ठार केले. एकूण ४१ जण प्राणांस मुकले. ते चौघे तरुण हिमवादळांत, प्रसंगी शेवाळ खाऊन, तग धरून राहिले. फेब्रुवारीत आणखी सहा जण येऊन मिळाले. त्यांचा नायक योआखिम रॉनेबर्ग अवघा २३ वर्षांचा होता.

पुलावर पहारा होता. म्हणून २७ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री नऊ जण खोल दरीत उतरले, नदी ओलांडून समोरचा कडा चढले. तारा नेण्याच्या अरुंद बोगद्यातून रॉनेबर्ग आत सरपटला. स्फोटके लावून झाली. वात पेटवायची, तोच तेथला नॉर्वेजियन पहारेकरी म्हणाला, ‘माझा चष्मा!’ युद्धकाळात नवा चष्मा मिळणे कठीण. तशा घाईतही त्यांनी तो शोधून दिला. सुमारे ५०० किलो जड पाणी जमिनीवर वाहून गेले. एकही गोळी झाडली गेली नाही.

तथापि काही महिन्यांत कारखाना पुन्हा सुरू झाला. नोव्हेंबरात त्यावर बाँबवर्षाव झाला, तेव्हा जर्मनांनी उरलेला साठा मायदेशी नेण्याचे ठरविले. पिंपे सरोवरातून बोटीने जायची होती. त्या बोटीत सामान्य प्रवासीही असत. त्यांना सावध करावे, तर बेत फुटणार. गर्दी कमी असते म्हणून रविवार निवडला गेला. २० फेब्रुवारी १९४४ रोजी ती बोट बुडविण्यात आली. मरण पावलेल्या १८ जणांपैकी १४ नॉर्वेजियनच होते.

जर्मन शास्त्रज्ञ अणुबाँबपासून पुष्कळच दूर होते, हे पुढे कळले. त्या रविवारी ते बोट बुडविणाऱ्यांना ठाऊक नव्हते.